विजेचा नकाशा काढताना

मी नोकरीत नेमके काय करत होतो हे आमच्या नातेवाइकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. "तो ड्रॉइंग काढायचा" एवढेच सगळ्यांना माहीत. त्यामुळे लग्नकार्यात कुणी मला रुखवताची पाटी रंगवायला सांगते, तर कुणी घराचा प्लॅन काढून मागते. दोन्हींतले मला काही येत नाही. मी जवळजवळ सदतीस वर्षे काढली ती इलेक्ट्रिकल स्किमॅटिक, म्हणजे सोप्या भाषेत विजेच्या जोडणीचे नकाशे. आमची एक पुतणी सध्या इन्स्ट्रुमेंटेशन शिकते आहे. तिची तक्रार अशी की पुस्तकातली सगळी चिन्हे पाठ झाली, पण कोरा कागद समोर आला की हात चालत नाही. तिला फोनवर जे सांगितले ते फारच तुटक होते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. ही ड्रॉइंग्ज अशी का दिसतात हे त्यांचा इतिहास कळल्याशिवाय उमगत नाही, त्यामुळे शिकण्याची गोष्ट सांगताना थोडा इतिहासही येणारच. कंटाळा आला तर मधला भाग गाळून शेवट वाचा. शेवट मात्र वाचा.

आयटीआयमध्ये मी मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. तिथली पहिली शिकवण मापाची. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. वस्तू जशी आहे तशी, जिथे आहे तिथे, ठरलेल्या प्रमाणात. भोक काठापासून २५ मिलिमीटरवर असेल तर कागदावर ते त्याच हिशेबात पडले पाहिजे. दोन वर्षांत ही शिस्त हाडीमांसी भिनते. इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचा वेगळा कोर्स आमच्या गावात नव्हता. ते शिकायचे ते ड्रॉइंग ऑफिसात, कुणाच्या तरी शेजारच्या बोर्डावर बसून.

१९७७ साली मी भोसरीतल्या एका कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. ऑफिसात आठ बोर्ड होते आणि खिडकीजवळच्या बोर्डावर आमचे हेड ड्राफ्ट्समन बसत. त्यांना सगळे नुसते 'साहेब' म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला एका साध्या स्टार्टरचे ड्रॉइंग नकलायला दिले. मी थोडा वेळ बघत राहिलो आणि विचारले, "साहेब, हा कॉन्टॅक्टर पॅनेलमध्ये तर एकाच जागी बसतो. इथे त्याचे तीन तुकडे तीन ठिकाणी कसे?"

साहेब म्हणाले, "वस्तू कुठे आहे ते बघायला शॉपमध्ये जा. हा कागद 'कुठे' सांगत नाही, 'कशामुळे' ते सांगतो."

हे एक वाक्य पचायला मला सहा महिने लागले. जगालाही ते पचायला बरीच वर्षे लागली होती, हे मला फार पुढे वाचनातून कळले.

इटलीच्या व्होल्टाने १८०० साली आपल्या बॅटरीचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. जस्त आणि चांदी यांच्या चकत्या, त्यांच्यामध्ये खारवलेल्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या, अशी ती उतरंड. सोबतच्या आकृत्यांत खरोखरची उतरंड काढलेली होती, चकत्या मोजता येतील अशी. त्या काळातली विजेची सगळी ड्रॉइंग्ज अशीच असत. काचेची भांडी, तारांची वेटोळी, लाकडी पाट, त्यावरचे पितळी स्क्रू, सगळे हुबेहूब. उपकरणे चार-पाच होती तोवर ते चालून गेले.

मग तारायंत्र आले. मैलोन्‌मैल लांबीच्या तारा आणि दोन टोकांना दोन ऑफिसे. आता प्रमाणात काढायचे म्हटले तर कागदावर नुसती तारच तार. शिवाय लांबच्या प्रवासात विजेचा जोर ओसरतो म्हणून वाटेत रिले बसवू लागले. रिले हा शब्द मूळचा घोड्यांच्या डाकेतला. थकलेला घोडा टप्प्यावर सोडायचा आणि ताज्या घोड्यावर तीच थैली पुढे न्यायची. विजेच्या रिलेतही तेच होते. क्षीण झालेला प्रवाह एका छोट्या लोहचुंबकाला जेमतेम हलवतो आणि तो चुंबक नव्या बॅटरीचे सर्किट जोडून तोच संदेश पुढे धाडतो. ही युक्ती कळल्यावर लोकांच्या ध्यानात आले की रिले नुसता निरोप पुढे नेत नाही, तो अटीही घालू शकतो. हे झाले तरच ते होऊ दे. हे चालू असताना ते होऊ देऊ नको. आमच्या धंद्याचा उगम इथला.

चित्रे हळूहळू झडत गेली आणि चिन्हे उरली. बॅटरीच्या चिन्हातल्या एकाआड एक लांब-आखूड रेघा पाहिल्या की व्होल्टाच्या चकत्या आठवतात. रेझिस्टन्सची नागमोडी रेघ म्हणजे गुंडाळलेली तार. (पुढे युरोपीय पद्धतीत तिची जागा साध्या आयताने घेतली, पण जुने लोक अजून नागमोडीच काढतात.) अर्थिंगच्या चिन्हात खाली खाली लहान होत जाणाऱ्या तीन रेघा असतात. नवीन मुलाला मी चिन्ह पाठ करायला न सांगता ते कशाचे चित्र होते हे सांगत असे. मग ते विसरायला होत नाही.

चिन्हांबरोबर दुसरी गोष्ट घडली आणि ती जास्त महत्त्वाची. जर्मनीत किरचॉफने १८४५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सर्किटचे दोन नियम मांडले. एखाद्या सांध्यात जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर जातो, आणि कुठलाही बंद फेरा घेतला तर त्यातल्या व्होल्टेजच्या चढउतारांची बेरीज शून्य येते. या नियमांत तार सरळ आहे की वाकडी, याचा उल्लेखच नाही. कोण कोणाला जोडले आहे एवढेच त्यांना हवे. म्हणजे भूगोल बाजूला ठेवून नुसती नाती काढली तरी ड्रॉइंग पूर्ण खरे असते.

याचे सर्वांना समजेल असे उदाहरण म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा. तो ज्याने काढला तो हॅरी बेक हा त्या रेल्वेच्या सिग्नल विभागात काम केलेला ड्राफ्ट्समन. त्याने १९३१ साली सगळ्या मार्गांच्या रेघा उभ्या, आडव्या आणि ४५ अंशांत बसवल्या, स्टेशनांमधली अंतरे जवळपास सारखी केली आणि नदी सोडून शहरातले बाकी सगळे काढून टाकले. वरिष्ठांनी आधी तो नाकारला. १९३३ मध्ये तो छापला गेला आणि लोकांनी तो हातोहात उचलला. भुयारातल्या प्रवाशाला वर कुठला रस्ता आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. कुठे बदलायचे एवढे कळले की झाले. आज मुंबईच्या लोकलच्या डब्यात दारावर लावलेली स्टेशनांची पट्टी बघा. चर्चगेट ते विरार एक सरळ रेघ! प्रत्यक्षात वसईची खाडी आहे, वळणे आहेत, पण त्यावाचून कुणाचे अडत नाही.

आता स्टार्टरकडे येतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर पाहिलेला असणार. हिरवे बटण दाबले की 'खट्‌' असा आवाज होतो आणि मोटर सुरू होते. बटण सोडले तरी ती चालूच राहते. लाल दाबले की बंद. हिरवे बटण तर बोट काढताच उसळून परत वर येते, मग मोटर चालू कशी राहते?

आत एक कॉन्टॅक्टर असतो. त्याच्या कॉइलला वीज मिळाली की तो चुंबकाने खेचला जातो आणि मोटरचे तीन फेज जोडतो. त्याच झटक्यात त्याच्या अंगावरचा एक छोटा कॉन्टॅक्टही जुळतो. हा छोटा कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. बटणाने कॉन्टॅक्टरला उठवले आणि उठता उठता त्याने स्वतःचाच हात धरला, असे समजा. याला होल्डिंग कॉन्टॅक्ट म्हणतात. ड्रॉइंगमध्ये ती जेमतेम दोन सेंटिमीटरची रेघ असते.

या दोन सेंटिमीटरवर किती अवलंबून आहे पाहा. वीज गेली की कॉइल सुटते आणि तो धरलेला हातही सुटतो. दहा मिनिटांनी वीज आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही; कुणीतरी येऊन हिरवे बटण दाबावे लागते. कारखान्यात वीज गेली म्हणून कुणी मशीनमध्ये हात घालून अडकलेला तुकडा काढत असेल, तर वीज परत येताच त्याचा हात जाऊ नये म्हणून ही सोय. शेतकऱ्याला मात्र याच सोयीचा त्रास होतो. रात्री दोनला वीज येते, बटण दाबायला थंडीत विहिरीवर जायचे, वाटेत साप-विंचू. म्हणून लोक 'ऑटो' बसवतात, वीज आली की आपोआप चालू. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मला सांगायचे ते इतकेच की ती दोन सेंटिमीटरची रेघ काढताना किंवा वगळताना आपण कुणाच्या तरी हातापायांचा निर्णय घेत असतो, आणि हे ड्रॉइंग शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात कळायला हवे.

साहेबांनी मला एकेक नियम असाच, त्यामागच्या कारणासकट शिकवला. त्यातले मोजके इथे देतो.

पहिला नियम विश्रांतीचा. स्किमॅटिकमध्ये प्रत्येक वस्तू वीज नसताना, कुणी हात लावलेला नसताना जशी असेल तशी काढायची. मोटर चालू असतानाचे चित्र काढायचे नाही. सगळी यंत्रणा झोपलेली आहे असे समजून काढायचे, आणि वाचणाऱ्याने मनात बटण दाबून तिला एकेक पायरीने जागे करायचे. त्यामुळे जगात कुठेही, कुणीही काढलेले ड्रॉइंग एकाच अवस्थेतून वाचायला सुरुवात करता येते. उघडा आणि मिटलेला, म्हणजे एनओ आणि एनसी, या शब्दांना अर्थ येतो तो याच करारामुळे.

दुसरा नियम ठिपक्याचा. दोन रेघा एकमेकींना छेदून जातात आणि जोडलेल्या नसतात, किंवा छेदतात आणि जोडलेल्या असतात. जुन्या ड्रॉइंगमध्ये न जोडलेली रेघ दुसरीवरून अर्धगोल उडी मारून जायची. नंतर ती उडी गेली आणि जोड असेल तिथे ठिपका द्यायचा असे ठरले. पण साहेब चौकातल्या ठिपक्याला कधीच मान्यता देत नसत. चार रेघा एका बिंदूत जोडायच्या असतील तर दोन जोड थोडे मागेपुढे सरकवून दोन 'टी' करायचे. कारण असे की प्रिंटची प्रिंट निघते, तिच्यावर तेलाचा हात पडतो आणि ठिपका पुसला जातो. चौकातला ठिपका गेला तर जोड गेला. 'टी'वरचा ठिपका गेला तरी रेघ तिथे येऊन थांबलेली दिसते, म्हणजे जोड आहेच. कागद खराब होणार हे गृहीत धरून काढायचे.

तिसरा नियम आकड्यांचा. प्रत्येक तारेला एक नंबर, आणि मध्ये एखादे उपकरण येईपर्यंत तोच नंबर. त्या नंबरची छोटी नळी, म्हणजे फेरूल, प्रत्यक्ष तारेच्या दोन्ही टोकांना घालतात. कागदावरच्या रेघेचे आणि पॅनेलमधल्या तारेचे एवढेच काय ते नाते. कॉइल एका पानावर आणि तिचे कॉन्टॅक्ट भलत्याच पानांवर असतात, म्हणून कॉइलखाली एक छोटा तक्ता द्यायचा: कुठला कॉन्टॅक्ट कुठल्या पानावर, कुठल्या रकान्यात. माझ्या पहिल्या दिवशीच्या 'तीन तुकड्यां'चे उत्तर हे होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि कारखान्यांत रिलेंची गर्दी झाली तेव्हा कॉइल आणि तिचे सगळे कॉन्टॅक्ट एकत्र काढले की रेघांचे जाळे होऊन काहीच वाचता येईना. म्हणून वस्तू मोडून तिचे भाग कामाच्या ओळीप्रमाणे मांडायची पद्धत आली. दोन बाजूंना पुरवठ्याचे दोन खांब, मध्ये एकेका कामाची एकेक आडवी पायरी. अमेरिकन पद्धतीत ही शिडीसारखी दिसते म्हणून लॅडर. जर्मन पद्धतीत पुरवठ्याच्या रेघा आडव्या आणि कामे वरून खाली उतरतात. आमच्या ऑफिसात दोन्ही प्रकारची गिऱ्हाइके असल्याने मला दोन्ही शिकावे लागले.

चौथा नियम माझ्या सर्वांत आवडीचा. थांबवणारी प्रत्येक गोष्ट मिटलेल्या कॉन्टॅक्टने, एकामागून एक अशी जोडायची. लाल बटण एनसी, ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट एनसी, आणि सगळ्यांतून वीज गेली तरच कॉइल उठणार. म्हणजे लाल बटणाची तार उंदराने कुरतडली तर मशीन बंद पडेल. कटकट होईल, पण धोका होणार नाही. याउलट थांबवण्यासाठी वीज पाठवावी लागत असेल, तर तार तुटल्याचे ज्या क्षणी बटण दाबाल त्याच क्षणी कळेल. या विचाराचे जुने उदाहरण रेल्वेतले आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. रुळांतून सतत वीज सोडायची आणि दुसऱ्या टोकाला तिच्यावर एक रिले उचलून धरायचा. गाडी आली की तिची चाके दोन्ही रूळ जोडतात, रिलेची वीज तुटते, तो पडतो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, तार तुटली, रूळ भंगला तरी रिले पडणार आणि सिग्नल लालच होणार. बिघाड झाला तर तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, ही कल्पना मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला रोज सांभाळत असते, आणि गाडी सिग्नलला थांबली की आपण तिलाच शिव्या देतो!

साधनांविषयी थोडे. ट्रेसिंग पेपरवर आधी पेन्सिल, मग रॉट्रिंगच्या पेनने शाई. चिन्हांसाठी हिरव्या प्लॅस्टिकची स्टेन्सिल, अक्षरांसाठी वेगळी. खाडाखोड करायची तर दाढीच्या ब्लेडने शाई हलकेच खरवडायची आणि तिथला कागद नखाने घासून गुळगुळीत करायचा. तीनदा खरवडले की कागदाला भोक पडते, त्यामुळे आधी पूर्ण विचार करायची सवय लागते. मग त्याच्या अमोनिया प्रिंट काढायच्या. त्या खोलीतून आलेला माणूस डोळे पुसतच बाहेर यायचा. ब्ल्यूप्रिंट हा शब्द सगळे वापरत, पण निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांची खरी ब्ल्यूप्रिंट आमच्या वेळी मागे पडली होती. तिचे रसायन जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधलेले. आमच्या प्रिंट पांढऱ्यावर जांभळट-निळ्या असत आणि उन्हात ठेवल्या की उडून जात.

साहेबांची एक खासियत होती. एखादे सर्किट पाहून ते म्हणत, "यातला एक रिले कमी होतो," आणि खरेच कमी करून दाखवत. ते बोटांवर मोजत आणि पुटपुटत, "हे आणि हे, किंवा ते." एकामागून एक जोडले म्हणजे 'आणि', समांतर जोडले म्हणजे 'किंवा'. स्टार्टर या भाषेत वाचून बघा: हिरवे बटण दाबले आहे किंवा होल्डिंग जुळले आहे, आणि लाल दाबलेले नाही, आणि ओव्हरलोड झालेला नाही, तर मोटर चालू. पुढे मला कळले की हेच १९३७ साली एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या एम.एस.च्या प्रबंधात गणिताने मांडले होते. जॉर्ज बूलने १८५४ मध्ये तर्कशास्त्रासाठी लिहिलेले बीजगणित रिलेच्या सर्किटला तंतोतंत लागू पडते, हे त्याने दाखवले. आजचा प्रत्येक कॉम्प्युटर त्या पायावर उभा आहे. आमचे साहेब नॉनमॅट्रिक होते. शॅननचे नाव त्यांनी ऐकले असेल असे वाटत नाही, पण हिशेब तोच होता.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले त्या प्रसंगाकडे येतो. १९८४ च्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या पंपहाऊसमध्ये अपघात झाला. कारखान्याचे नाव सांगत नाही. तिथला इलेक्ट्रिशियन, माझ्याच वयाचा, रात्रपाळीत एकटा होता. पंप क्रमांक दोन सुरू होईना. त्याने पॅनेलचा मेन स्विच बंद केला, दारामागच्या खिशातून ड्रॉइंग काढले आणि बॅटरीच्या उजेडात वाचले. ड्रॉइंगप्रमाणे मेन बंद केल्यावर आत कुठेही वीज नव्हती, आणि टर्मिनल १७ पुढे लिहिले होते: स्पेअर. त्याने १७ नंबरच्या टर्मिनलला हात लावला.

तिथे २३० व्होल्ट होते. काही वर्षांपूर्वी कुणीतरी टाकी भरल्यावर दोन्ही पंप बंद व्हावेत म्हणून शेजारच्या पॅनेलमधून एक तार या मोकळ्या टर्मिनलवर आणली होती. काम चोख केले होते. तारेला फेरूल घातले नव्हते आणि ड्रॉइंगवर ती रेघ काढली नव्हती, एवढेच.

तो वाचला. हातावर भाजल्याच्या खुणा राहिल्या आणि उजव्या हाताची दोन बोटे पुढे कधी नीट मिटली नाहीत. टेस्टर लावून बघायला हवे होते असे सगळे म्हणाले, आणि तेही खरेच. पण तो मला म्हणाला ते असे: "अहो, कागदावर लिहिलं होतं ना." माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

ते पॅनेल नव्याने काढायचे काम आमच्याकडे आले. साहेब आणि मी तीन दिवस तिथे होतो. एकेक तार बॅटरी आणि बल्ब लावून शोधायची, लाल पेन्सिलने जुन्या प्रिंटवर लिहायची. अशा मूळ ड्रॉइंगमध्ये नसलेल्या सात तारा सापडल्या. प्रत्येक तार कुणीतरी कामाच्या घाईत, चांगल्या हेतूने टाकलेली होती. नव्या ड्रॉइंगमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पुरवठ्याभोवती साहेबांनी तुटक रेघेची चौकट काढायला लावली आणि आत ठळक मराठीत लिहायला सांगितले: 'मेन स्विच बंद केल्यावरही येथे वीज असते.' गिऱ्हाइकाने इंग्रजीचा आग्रह धरला. साहेब म्हणाले, "रात्री दोन वाजता हे कोण वाचणार आहे, ते सांगा." मग दोन्ही भाषांत लिहिले.

स्किमॅटिक काढायला खऱ्या अर्थाने मी त्या तीन दिवसांत शिकलो असे मला वाटते. मेकॅनिकल ड्रॉइंग चुकले तर वस्तू बसत नाही. चूक दिसते, तुकडा भंगारात जातो. स्किमॅटिक जुने झाले तर काहीच दिसत नाही. मशीन चालत राहते, कागद खिशात राहतो, आणि दोघे हळूहळू एकमेकांपासून दूर जातात. ज्या रात्री कुणी त्या कागदावर विश्वास टाकतो, त्या रात्री तो फरक उघड होतो.

त्यानंतर धंदा झपाट्याने बदलला. १९६९ मध्ये अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांचा मोडिकॉन ०८४ हा पहिल्या पीएलसींपैकी एक बाजारात आला होता. मोटरगाड्यांच्या कारखान्यांत दर नव्या मॉडेलसाठी रिलेंच्या भिंतीच्या भिंती नव्याने जोडाव्या लागत, त्यावरचा तो उपाय. गंमत अशी की रिले गेले तरी प्रोग्रॅम लिहायची पद्धत मुद्दाम लॅडरचीच ठेवली, कारण कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता येत होती. आमच्याकडे पीएलसी रुळायला १९९० उजाडले. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरमध्ये निघाले. आमच्या ऑफिसात ते १९९२ मध्ये आले आणि पाच वर्षांत बोर्ड गेले. ब्लेडने खरवडणे गेले, अमोनिया गेला. त्याबद्दल मला अजिबात हळहळ नाही, माझे डोळे सुखी झाले. आताच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉइल काढली की कॉन्टॅक्टचा तक्ता आपोआप भरतो, तारांचे नंबर आपोआप पडतात. आम्हाला दोन दिवस लागायचे ते काम क्षणात होते.

पण पॅनेलमध्ये शिरून कुणी नवी तार टाकली तर ते सॉफ्टवेअरला कळत नाही. ते सांगायला अजून माणूस आणि लाल पेन्सिलच लागते. म्हणून शिकणाऱ्याला माझा सल्ला असा की कोऱ्या कागदापासून सुरुवात करू नका. एखादा जुना स्टार्टर भंगारातून आणा, उघडा, त्यातल्या तारा शोधा आणि जे प्रत्यक्ष आहे ते काढा. मग तो कागद मित्राला द्या आणि फक्त कागद वाचून सांगायला सांगा की लाल बटणाची तार तुटली तर काय होईल. त्याला सांगता आले तर तुम्हाला ड्रॉइंग येते. चिन्हे काय, आठवड्यात पाठ होतात.

आणि जे शिकत नाहीत त्यांच्यासाठीही एक काम आहे. तुमच्या सोसायटीच्या पंपाच्या किंवा लिफ्टच्या पॅनेलच्या दारामागे ड्रॉइंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनला विचारा. (स्वतः दार उघडू नका!) असेल तर त्याच्या कोपऱ्यात दुरुस्त्यांचा तक्ता असतो, त्यात शेवटची तारीख कोणती आहे ते बघून सांगायला सांगा. त्या तारखेनंतर पॅनेलमध्ये काही बदलले असेल, तर ते कागदावर उतरवून घ्या. चारपाचशे रुपये जास्त मागेल. द्या.